ओरखडा कोणाच्या खाती?

वाशी, नेरूळ, खारघर किंवा पनवेल यांपैकी कोणत्याही स्थानकाबाहेर पडून आज माणसाला मोटार किंवा दुचाकी भाड्याने घेता येते. तासाच्या बोलीने, दिवसाच्या बोलीने, महिन्याच्या बोलीने. चालक नको, मालकाची गाठभेट नको. मोबाईलवर परवाना दाखवावा, अनामत भरावी आणि किल्ली घ्यावी. सिडकोने १९७० नंतर वसवलेले हे शहर मुळातच विस्ताराचे आहे. वस्ती एका टोकाला, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने व कचेऱ्या दुसऱ्या टोकाला. त्यातच जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. अशा ठिकाणी भाड्याच्या वाहनांचा धंदा भरभराटीस आला तर त्यात नवल नाही, आणि त्याबद्दल नाक मुरडण्याचेही कारण नाही. दहा कुटुंबांनी कर्ज काढून दहा मोटारी घ्याव्यात आणि आठवड्याचे सहा दिवस त्या इमारतीखाली धूळ खात उभ्या ठेवाव्यात, यापेक्षा दोन मोटारी दहा जणांनी आळीपाळीने वापराव्यात, हा हिशेब समाजवादी माणसाला पटण्याजोगाच आहे.

मात्र आळीपाळीने वापरली जाणारी वस्तू झिजतेही. ती झीज कोणी सोसायची हा या धंद्यातला खरा अर्थशास्त्रीय प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर सध्या करारनाम्याच्या बारीक अक्षरांत एकट्या मालकाच्या लेखणीने लिहिले जात आहे.

नेरूळचे एखादे कुटुंब दोन दिवसांसाठी अलिबागला जाण्याकरिता मोटार घेते असे समजा. प्रथम डोळ्यांसमोर येतो तो दिवसाचा दर. तो आकर्षक असतो, किंबहुना आकर्षक दिसावा म्हणूनच तो एकटा पुढे केलेला असतो. मग एकेक करून इतर मंडळी पुढे सरसावतात. सेवाशुल्क येते, कर येतो, ठराविक किलोमीटरांपलीकडचा जादा दर येतो, टाकीत कमी भरलेल्या इंधनाची भरपाई येते, अर्धा तास उशिराचा दंड येतो, मागच्या बैठकीवर सांडलेल्या वाळूच्या सफाईचा आकार येतो. आणि सारे मिटले असे वाटत असताना पंधरवड्याने वाहतूक पोलिसांचे चलन मालकाच्या नावे निघून, त्यावर मालकाचा हाताळणी-आकार चढून, अनामतीतून वजा होते. यांतील काही रकमा रास्त आहेत हे मान्य केले पाहिजे. इंधन जाळणाऱ्यानेच त्याचे पैसे द्यावेत. मोटार उशिरा परत करणाऱ्यामुळे पुढच्या गिऱ्हाइकाचा खोळंबा होतो हेही खरे. तक्रार आहे ती त्या रकमा केव्हा आणि कोणत्या क्रमाने सांगितल्या जातात याबद्दल. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे काढली त्यांत फसव्या मांडणीचे तेरा प्रकार सांगितले आहेत, आणि किंमत ठिबकत ठिबकत उघड करणे हा त्यांपैकी एक आहे. युरोपात २०१७ साली तेथील आयोगाच्या दबावाखाली मोटारी भाड्याने देणाऱ्या पाच मोठ्या कंपन्यांना अनिवार्य आकारांसह एकूण किंमत आधी सांगण्याचे मान्य करावे लागले. आपल्याकडे तत्त्वे आहेत. ती अमलात आणायला लावणारा दबाव अजून उभा राहिलेला नाही.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एका छोट्याशा निबंधात असे दाखवून दिले की ज्या बाजारात विकणाऱ्याला ठाऊक असलेले घेणाऱ्याला ठाऊक नसते, त्या बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो. योगायोगाने त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचेच होते. पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. तोच न्याय येथे लागू पडतो. जो व्यावसायिक पहिल्याच ओळीत संपूर्ण किंमत सांगतो तो महाग दिसतो, आणि जो निम्मी लपवतो तो स्वस्त दिसतो. गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. प्रामाणिकपणा हा अशा रीतीने धंद्यातला तोटा ठरतो, आणि चार वर्षांत सगळेच लपवू लागतात.

परंतु लपवलेल्या आकारांपेक्षा अधिक गंभीर बाब नुकसानभरपाईची आहे. मोटार परत करताना दारावर एक ओरखडा आढळतो. तो कालचा की महिन्यापूर्वीचा, याचा निवाडा मालकाचा माणूस करतो; दुरुस्तीचा खर्च किती, हेही तोच ठरवतो; मोटार गॅरेजमध्ये किती दिवस राहणार आणि त्या दिवसांचे बुडालेले भाडे किती, याचा हिशेबही त्याचाच; आणि वसुलीसाठी त्याला कोणाच्या दारी जावे लागत नाही, कारण अनामत आधीच त्याच्या हातात असते. वादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि बेलीफ ही चारही कामे एकाच पक्षाने करण्याची सोय दुसऱ्या कोणत्या व्यवहारात असेल?

येथे थोडा हिशेब पाहणे उद्बोधक ठरेल. कोणतेही यंत्र वापराने झिजते आणि त्या झिजेची तरतूद मालक किमतीत करतो; तिलाच घसारा म्हणतात. १९६१ च्या आयकर कायद्याखालील नियमांत साध्या मोटारीला वर्षाला १५ टक्के घसारा दिलेला होता, तर भाड्याने चालवण्याच्या धंद्यातील टॅक्सी, बस व मालमोटारींना ३० टक्के. म्हणजे भाड्याचे वाहन घरच्या वाहनाच्या दुप्पट वेगाने झिजते, हे सरकारनेच गृहीत धरले. दहा लाखांच्या वाहनावर ३० टक्क्यांप्रमाणे पहिल्या वर्षी तीन लाख रुपये उत्पन्नातून वजा होऊ शकतात. वाहने भाडेपट्ट्याने देणाऱ्या एका वित्तसंस्थेच्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही निर्णय दिला की वाहन प्रत्यक्षात दुसरा कोणी चालवीत असला तरी भाड्याने देणारी संस्थाच मालक होय, आणि हा जादा घसारा तिलाच मिळावयास हवा. निर्णयात गैर काही नाही. परंतु त्यातून निघणारा अर्थ पाहावा. झीज होणार हे मालकाला ठाऊक आहे, तिचा अंदाज घेऊनच त्याने भाडे बांधले आहे, आणि तीच झीज करासाठी तो वजाही करून घेतो. मग बंपरवर बोटभर रंग निघाला म्हणून तोच मालक गिऱ्हाइकाकडून नव्या बंपरची पूर्ण किंमत घेतो तेव्हा घसारा दोनदा वसूल होतो: एकदा भाड्यातून आणि एकदा अनामतीतून. पाच वर्षे वापरलेल्या मोटारीला नव्या भागाची किंमत लावणे, ही तर तिसरी वसुली म्हणावी लागेल.

याचा अर्थ भाड्याने घेणाऱ्याला कसलीच जबाबदारी नको, असा नव्हे. सगळा भार मालकावर टाकला तर बेफिकीर चालकाला रानच मोकळे मिळेल, आणि त्याच्या बेफिकिरीची किंमत भाडेवाढीच्या रूपाने इतर गिऱ्हाइकांना मोजावी लागेल. दारू पिऊन चालवणाऱ्याने भरपाई दिलीच पाहिजे. मुद्दा रोजच्या वापरातील झीज आणि निष्काळजीपणाने केलेले नुकसान यांतील सीमारेषेचा आहे. १८७२ च्या करार कायद्याने ही रेषा दीडशे वर्षांपूर्वी आखून ठेवली आहे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी घेऊनही वस्तूचे नुकसान झाले तर तो जबाबदार नाही, असे कलम १५२. भाड्याने दिलेल्या वस्तूत दोष असेल आणि त्यामुळे घेणाऱ्याला इजा झाली, तर देणाऱ्याला दोष ठाऊक असो वा नसो, तो जबाबदार ठरतो, हे कलम १५०. आणि करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भरपाई वाजवी तेवढीच मिळेल, आकडा ही फक्त कमाल मर्यादा, असे कलम ७४. इतका समतोल कायदा हाताशी असताना अन्याय होतो कसा? कलम १५२ मध्ये ‘वेगळा करार नसेल तर’ एवढे शब्द आहेत. त्या फटीतून अठरा पानी करारनामा आत शिरतो, आणि मोबाईलच्या पडद्यावर ‘मान्य’ या शब्दाला बोट लागताच दीडशे वर्षांचा समतोल संपतो.

विम्याची गोष्ट याहून मासलेवाईक आहे. भाड्याच्या मोटारीचा विमा मालकाने उतरवलेला असतोच. रस्त्यावरील त्रयस्थाच्या भरपाईचा विमा तर कायद्यानेच सक्तीचा आहे. परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनीकडे केला की दावा न करण्याबद्दल मिळणारी सवलत बुडते, आणि ती सवलत वर्षागणिक वाढत ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. साहजिकच किरकोळ नुकसान विमा कंपनीकडे नेण्यापेक्षा गिऱ्हाइकाच्या अनामतीतून फेडून घेणे मालकाला परवडते. शिवाय दिवसाला काही रुपये जादा भरल्यास ‘नुकसानीतून सूट’ देण्याची बोलीही हल्ली केली जाते. हा विमा नव्हे. आपण तुमच्याकडे मागणी करणार नाही, एवढे मालकाने दिलेले वचन आहे, आणि त्याला टायर, काच व गाडीचा तळभाग यांचे अपवाद बहुधा जोडलेले असतात. खाडीलगतच्या रस्त्यांवरील पावसाळी खड्ड्यांत मोटारीचे नेमके काय फुटते, ते वेगळे सांगण्याची गरज नाही.

येथे छोट्या मालकांचाही विचार केला पाहिजे, कारण या शहरात ते परके नाहीत. सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९८४ च्या जानेवारीत जे आंदोलन झाले त्यात पाच जणांनी पोलिसांच्या गोळीबारात प्राण दिले. शेती गेलेल्या घरांतील अनेक तरुणांनी हाती आलेल्या पैशांतून एखाददुसरी मोटार घेऊन ती भाड्याला लावली. पण १९८९ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे चालकाविना मोटारी भाड्याने देण्याचा परवाना हवा तर पदरी किमान ५० मोटारी हव्यात, असा नियम झाला. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवण्याचा मान त्यामुळे मोठ्या भांडवलाकडेच जातो. दोन मोटारींचा मालक मग पांढऱ्या पाटीची खाजगी मोटारच गुपचूप देतो; आणि अपघात झाला की खाजगी वापराचा विमा असलेली मोटार भाड्याने का दिली, असा सवाल करून विमा कंपनी हात वर करते. त्रयस्थाला भरपाई द्यावी लागलीच तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. अपघातात सापडलेला पादचारी, छोटा मालक आणि मोटार घेणारा असे तिघेही मग वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवतात. लहान मालकांच्या सहकारी संस्थेला एकत्रित परवाना देण्याची सोय या योजनेत का नसावी?

मात्र नुकसानीचा सर्वांत कठोर आघात सहलीला जाणाऱ्या कुटुंबावर होत नाही. ते कुटुंब दोन-चार हजारांचा भुर्दंड सोसते, चरफडते आणि विसरते. जो तरुण तुर्भे किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात पाच जणांत एक खोली घेऊन राहतो आणि आठवड्याच्या भाड्याने विजेवरची स्कूटर घेऊन घरोघर जेवणाचे डबे व किराणा पोचवतो, त्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्यासाठी वाहन ही चैन नाही, ते त्याच्या श्रमाचे हत्यार आहे. पूर्वी कारखान्यात यंत्र मालकाचे असे आणि यंत्र मोडले तर दुरुस्ती मालकाची असे. आता काम देणारी कंपनी एक, हत्यार भाड्याने देणारी कंपनी दुसरी, आणि दोघींच्या मधोमध उभा असलेला तरुण म्हणे ‘स्वतंत्र व्यावसायिक’. स्कूटर बंद पडली तर पहिली कंपनी म्हणते, काम नाही तर पैसे नाहीत. दुसरी म्हणते, दुरुस्तीचे पैसे आणि आठवड्याचे भाडे द्या.

त्यातही एक विलक्षण कायदेशीर पोकळी आहे. ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग न घेणारी आणि अडीचशे वॉटपेक्षा कमी शक्तीची हलकी विजेची दुचाकी केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहन मानलीच जात नाही. तिला नोंदणी नको, चालकाला परवाना नको, आणि विमाही नको. स्वस्त पडते म्हणून ती या कामासाठी सर्रास भाड्याने दिली जाते. वाशीच्या सेक्टरमध्ये तिचा धक्का लागून एखादी वृद्ध बाई पडली आणि तिचे हाड मोडले, तर भरपाई देणारी विमा कंपनीच अस्तित्वात नसते. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा तुलनेने सोपा मार्गही तिला मिळत नाही. उरतो तो दिवसाला मिळेल ते कमावणारा चालक, आणि त्याच्याकडून दिवाणी न्यायालयात भरपाई मिळवण्याची आशा. दोन गरीब माणसे एकमेकांसमोर उभी करून भांडवल बाजूला होते, ते असे.

रायगड जिल्ह्याला ही रीत नवी नाही. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा जो संप केला, त्याचे मूळ खोतीत होते. कुळाने खोताला कबुलायत लिहून द्यायची. त्यात खंड तर असेच, पण खंडापलीकडच्या नाना बाबीही असत, आणि पीक बुडाले तरी घेणे बुडत नसे. नारायण नागू पाटील यांनी त्या लढ्याचे नेतृत्व केले, बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १९४९ च्या कायद्याने ती पद्धत गेली. स्कूटरचे भाडे म्हणजे खोती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. स्कूटर उद्या परत करता येते, जमीन सोडून कुळाला जाता येत नव्हते. तरीही दोन्हींत एक धागा समान आहे. उत्पन्नाचे साधन ज्याच्या मालकीचे, त्याचा वाटा पक्का ठरलेला. आणि जोखीम मात्र ते साधन वापरून घाम गाळणाऱ्याची. दुसरे काम मिळत नसेल तर स्कूटर परत करण्याच्या स्वातंत्र्याला तरी किती किंमत उरते?

दाद मागावी तर कोठे? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही नवी संकल्पना आणली, हे त्या कायद्याचे श्रेय होय. अवाच्या सवा अनामत आणि नुकसानीच्या मानाने अगदीच विषम दंड, या दोन्ही गोष्टी त्या व्याख्येत नाव घेऊन सांगितल्या आहेत. भाड्याच्या वाहनाचा करारनामा समोर ठेवूनच जणू त्या लिहिल्या असाव्यात. परंतु करार अन्याय्य ठरवण्याचा अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते. पाच हजारांच्या अनामतीसाठी राज्य आयोगाकडे कोण जाणार? डबे पोचवणाऱ्या तरुणाची तर आणखी पंचाईत आहे. १९८६ च्या कायद्यात २००२ च्या दुरुस्तीनंतर, स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्ही ‘व्यापारी हेतू’च्या बाहेर ठेवल्या होत्या. २०१९ च्या कायद्यातील स्पष्टीकरणात विकत घेतलेल्या वस्तूंचाच उल्लेख उरला, सेवा हा शब्द गळाला. म्हणजे स्कूटर विकत घेणारा ग्राहक ठरतो, आणि विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे भाड्याने घेणाऱ्याला आपण ग्राहक आहोत हे आधी भांडून सिद्ध करावे लागते. हा शब्द चुकून गळाला असेल तर तो दुरुस्त करायला संसदेला एक दिवस पुरावा.

सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या खटल्यात असे म्हटले की सौदा करण्याची ताकद अतोनात विषम असेल तर दुबळ्या पक्षाने सही केलेली अन्यायी कलमे सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून रद्द ठरतात. विधी आयोगाने अन्याय्य करारांबद्दल १९८४ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये अहवाल दिले. तत्त्वांची वानवा कधीच नव्हती. वानवा आहे ती स्थानकाबाहेरच्या व्यवहारापर्यंत ती तत्त्वे पोचवणाऱ्या यंत्रणेची. परिवहन खात्याने एकच नमुना-करार छापावा. वाहन देताना व घेताना दोघांच्या सहीचा, छायाचित्रांसह पाहणीचा कागद सक्तीचा करावा. वयानुसार भागांची किंमत किती धरायची याचा तक्ता जोडावा. निष्काळजीपणा सिद्ध झाल्याखेरीज गिऱ्हाइकाच्या जबाबदारीला कमाल मर्यादा घालावी. आणि ठराविक दिवसांत अनामत परत न केल्यास तिच्यावर व्याज लावावे. यांतील एकही गोष्ट क्रांतिकारक नाही. एस.टी.ची बस लग्नासाठी प्रासंगिक करारावर घेणाऱ्या खेडुताला जे दरपत्रक आधी पाहायला मिळते, त्याच्याच जातीची ही मागणी आहे.

भाड्याच्या हत्यारावर पोट भरणाऱ्यांसाठी मात्र एवढे पुरणार नाही. त्यांच्यासाठी दाखला शोधायला दूर जाण्याची गरज नाही. तो तुर्भ्याच्या घाऊक बाजारात आहे. माथाडीलाही एक मालक नव्हता. आज या गाळ्यावर, उद्या त्या. एक मालक नाही म्हणून कोणीच जबाबदार नाही, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद १९६९ च्या माथाडी कायद्याने निकालात काढला. कामगार आणि मालक या दोघांचीही मंडळाकडे नोंदणी झाली, प्रत्येक मजुरीबरोबर मालकाकडून लेव्ही घेतली जाऊ लागली, आणि त्या पैशांतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान व औषधोपचार उभे राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मंचांवर काम करणाऱ्यांसाठी कंपन्यांच्या उलाढालीतून एक ते दोन टक्के घेण्याची तरतूद आहे. तिच्या जोडीला वाहन भाड्याने देणाऱ्या कंपन्यांकडून प्रत्येक आठवड्याच्या भाड्यामागे लेव्ही घेऊन अपघात व नुकसान निधी राज्य सरकारला उभा करता येईल. चालकाची इजा, पादचाऱ्याची इजा आणि वाहनाची मोडतोड या तिन्हींचे पैसे त्या निधीतून जावेत. नवी मुंबईतील कार्यकर्त्यांनी या महिन्यापासून दोन कामे हाती घ्यावीत: चालकांचे करारनामे आणि अनामतीतून झालेल्या कपातीच्या नोंदी गोळा कराव्यात, आणि त्या घेऊन कोकण भवनात कामगार उपायुक्तांपुढे बसावे. करारनामे बहुतेक इंग्रजीत आहेत. ते मराठीत आणि हिंदीत वाचून दाखवण्यापासूनच सुरुवात करावी लागेल.